रेवाचं नाक आणि बाईंचा घसा

आमच्या रेवाचं नाक गणपतीच्या चवथीला वाहायला लागलं ते शिगमा जवळ येईपर्यंत वाहत होतं, आणि त्यातले पहिले तीन महिने आमच्या घरातल्या एकाही शहाण्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

कारण आमची गिरण आहे. डिचोली तालुक्यात, सुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात, अगदी रस्त्याला लागून. पुढे गिरण, मागे घर आणि मध्ये एक दार. बाबांनी गिरण घातली तेव्हापासून (म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून) ते दार कुणी लावलेलं नव्हतं. सकाळी तांदूळ, दुपारी नाचणी आणि गहू, आणि मसाल्याचे दिवस आले की सकाळ-संध्याकाळ मिरची. मिरची पडली की देव्हाऱ्यातले देव सोडून घरातले बाकी सगळे शिंकतात. गिरणीवाल्याच्या घरात नाक वाहणं ही तक्रार नसते, तो धंद्याचा भाग असतो.

आवाजाचंही तसंच. पट्टा फिरत असताना हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. त्यामुळे आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो. आई जेवताना ‘मीठ दी’ म्हणाली की रस्त्यावरचा मोटारसायकलवाला ब्रेक लावतो. गिरण बंद असली तरी सवय जात नाही. माझा चुलतभाऊ मुरगावला बंदरात कामाला आहे. दिवसभर जहाजांच्या भोंग्यात वावरणारा माणूस, पण मी फोन केला की म्हणतो, “दादा, जरा हळू. साहेब बघतत.”

माझी बायको शिल्पा पेडण्याची. तिच्या माहेरी लोक इतकं हळू बोलतात, की पहिल्यांदा मुलगी बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. लग्नानंतर आमच्याकडे आली आणि आठव्या दिवशी माझ्याजवळ येऊन रडवेली होऊन विचारते, “आई माझ्यावर इतक्या कित्याक रागावल्या?”

“रागावली नाय गो. तुका जेवूक बोलवता.”

सहा वर्षांत ती सुधारली. आता ती परसातून बोलली तर मी गिरणीतून उत्तर देतो, आणि मध्ये पट्टा फिरत असतो. अशा घरात रेवा जन्माला आली. चार वर्षांची झाली, गोबरी, हसरी, आणि वरच्या ओठावर कायम दोन पाण्याच्या वाटा. त्या ती बाहीला पुसायची. बाही भरली की जवळ जो कुणी असेल त्याला.

चवथीच्या पाहुण्यांनी जाता जाता नाकाकडे बोट दाखवलं तेव्हा आईनं सांगून टाकलं, “पडसां तां. येता आणि जाता.” ते आलं, पण जायचं विसरलं. मग आईनं कसाय सुरू केला. धणे, जिरं, मिरी, सुंठ, गूळ, असा घट्ट काढा की त्यात कुलेर, म्हणजे चमचा, उभी राहावी. रात्री ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला. कपाळाला वेखंड. शिल्पानं केळं बंद केलं. आईनं दही बंद केलं. मी, आपलंही काही योगदान असावं म्हणून, आइस्क्रीम बंद केलं (आमच्या घरात आइस्क्रीम येतच नव्हतं). नाकावर यातल्या कशाचाही परिणाम झाला नाही. ते आपलं काम करत राहिलं.

ती तोंड उघडं टाकून झोपायची आणि घोरायची. चार वर्षांची पोर, पण घोरणं असं की शेजारच्या खोलीतला पंखा खडखडायला लागला की काय म्हणून मी उठायचो. याचाही आम्हाला अभिमान. आई डोळे पुसून सांगायची, “तुझे बापूस अशेच घोरायचे. त्यांचोच अंश आसा तो.” टीव्हीला ती नाक टेकून बसायची. आणि आम्ही कुणी बोलायला लागलो की टक लावून आमच्या तोंडाकडे बघत राहायची. एवढं प्रेमानं बघणारं मूल मी दुसरं पाहिलं नव्हतं. मी ते चार लोकांना सांगितलंही होतं.

दिवाळी झाली आणि बालवाडीच्या वहीत बाईंची चिठ्ठी आली, की पालकांनी येऊन भेटावं. बाई नवीन होत्या, तरुण, फोंड्याकडच्या. मी गिरण अर्धा तास बंद ठेवून गेलो. (आमच्या गावात गिरण अर्धा तास बंद राहिली तर लोक चौकशीला येतात, म्हणजे मी प्रकरण किती गंभीरपणे घेतलं ते बघा.)

“रेवा माझ्याकडे बघत असली तर सगळं नीट करते,” बाई म्हणाल्या. “पण मी फळ्याकडे वळले की ती बसून राहते. मागून हाक मारली तर वळत नाही. गाणं सुरू झालं की शेजारच्या मुलीचं बघून हात हलवते. एकदा कानाच्या डॉक्टरना दाखवून घ्या.”

हे मी आता सलग लिहिलं, पण तेव्हा ते कळायला मला तीनदा विचारावं लागलं. बाई समोर हातभर अंतरावर बसून बोलत होत्या आणि माझ्यापर्यंत नुसती ओठांची हालचाल येत होती. तिसऱ्यांदा त्यांनी घसा खाकरून सांगितलं तेव्हा प्रकाश पडला. मलाच जर हे ऐकू येत नसेल, तर त्या चार वर्षांच्या लेकराला कुठून येणार? दोष कुणाचा ते उघड होतं.

“बाई,” मी म्हणालो, “तुम्ही नवीन आसात म्हणून सांगतंय. आमचां चेडू एका हाकेत येता. बघा तुमी.”

मी वर्गाच्या दारात गेलो. रेवा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरी, मातीत बसली होती. मी फक्त नाव घेतलं. घरी घेतो तसंच.

रेवा उठून हसत धावत आली. तिच्याबरोबर बालवाडीची सगळी मुलंही आली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली चौथी उभी राहिली. रस्त्यावरची एक बस थांबली आणि कंडक्टर दारातून डोकावून बघू लागला. मोठ्या बाई (म्हणजे मुख्याध्यापिका) हातात खडू घेऊन बाहेर आल्या. आमच्या बाई कानावर हात ठेवून उभ्या होत्या.

“बघितलां?” मी म्हणालो, आणि रेवाचं नाक पुसून विजयानं घरी आलो.

घरी आल्यावर मी आईला आणि शिल्पाला सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि निदान केलं. “त्या बाईचो घसो गेलो. फळ्याच्या खडूची पूड जाता बिचारेच्या घशात. आपल्या पोरांसाठीच ना गो ती आरडून आरडून...” इथे आईचा आवाज भरून आला. तिला दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही. बघवत नाही म्हणून ती त्यावर औषध करते.

दुसऱ्या दिवशी रेवाच्या दप्तरातून बाईंना एक बाटली कसाय, ज्येष्ठमधाच्या चार कांड्या आणि खडीसाखर गेली. सोबत शिल्पानं आईच्या सांगण्यावरून लिहिलेली चिठ्ठी: ‘रोज सकाळी गरम करून घेणे. बोलणे कमी करणे.’

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण गिरणीत दळण घेऊन बसलेल्या बायकांना आईनं ही गोष्ट सांगितली, आणि आईनं गिरणीत सांगितलेली गोष्ट म्हणजे पंचायतीच्या फलकावर लावल्यासारखीच. त्या बायकांपैकी सहा जणींची मुलं त्याच बालवाडीत. आठवडाभरात बाईंच्या टेबलावर मधाच्या दोन बाटल्या, आडुळशाचा रस, हळद-दूध घातलेला थर्मास, लवंगांची पुडी, आणि एका आजोबांनी दिलेला कसलासा अंगारा, इतकं जमलं. दोन पालकांनी मोठ्या बाईंना विचारलं, की बाईंचा आवाज परत येईपर्यंत बदली बाई मिळणार का?

मला पुन्हा बोलावणं आलं. यावेळी मोठ्या बाईंकडून. त्यांचा आवाज मला व्यवस्थित ऐकू आला.

“बाईंना काहीही झालेलं नाही. त्यांचा घसा ठणठणीत आहे. तुमच्या मुलीचे कान तपासून घ्या. नाहीतर हे असंच राहिलं तर एप्रिलात मला तिला याच वर्गात ठेवावं लागेल. तिच्या बरोबरीची मुलं पुढे जातील आणि ती परत तीच गाणी म्हणत बसेल. तुम्हाला चालेल?”

मला चालणार नव्हतं. पण पटलंही नव्हतं. आमच्या हाकेला धावत येणाऱ्या पोरीला ऐकू येत नाही म्हणणं म्हणजे आम्हालाच खोटं पाडणं. मी घरी येऊन आईला म्हणालो, “शाळाच बदलूया. मोठ्या आवाजाची बाई आसा, अशी शाळा बघूया.” आई लगेच तयार झाली. शिल्पानं फक्त रविवारी पेडण्याला जायचं ठरवलं.

शिल्पाचे वडील, अण्णा, पोस्टमास्तर होते. आयुष्यभर टपाल कचेरीत बसून हळू बोललेला माणूस. त्या घरात मांजरही दबकून ओरडतं. जेवणं झाली, अण्णा सोप्यावर सुपारी कातरत बसले, मी शेजारच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर. खाली अंगणात रेवा आमच्याकडे पाठ करून दगड मांडत होती. अण्णांनी तिच्यासाठी जत्रेतलं खाजें आणून ठेवलं होतं. त्यांनी पुडी मांडीवर घेतली आणि हवं का म्हणून नेहमीच्या आवाजात विचारलं, “रेवा, खाजें जाय?”

रेवानं एका दगडावर दुसरा दगड ठेवला.

“खेळात आसा ती,” मी म्हणालो.

“खाजें म्हटल्यार खेळ सोडता ती,” अण्णा म्हणाले. त्यांनी सुपारी खाली ठेवली. परत थोडं मोठ्यानं म्हटलं. मग आणखी मोठ्यानं. पाचव्या वेळी त्यांनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज काढला. तो ऐकून शेजारीण कुंपणापाशी आली आणि काळजीनं विचारू लागली, “अण्णानू, कोण गेलो?”

रेवानं दगडावर तिसरा दगड ठेवला.

मग मी हाक मारली. माझ्या पद्धतीची. रेवा वळली, हसली आणि धावत आली. शेजारीण कुंपणामागे दिसेनाशी झाली.

“बघा,” मी म्हणालो. पण या वेळी त्या ‘बघा’त तेवढा जीव नव्हता.

अण्णांनी रेवाच्या हातात खाजें ठेवलं. म्हणाले, “तुझ्या हाकेक येता, बरोबर. पण तुझ्या हाकेक कोण येवचो नाय? सगळ्या जगान काय तुझ्यासारख्या आरडाचा तिच्यासाठी?”

शिल्पा दाराशी उभी होती. कित्येक वर्षांनी मी तिला हळू बोलताना पाहिलं. “ती आमच्या तोंडाकडे बघता ना,” ती म्हणाली, “ती शब्द बघता. माका हल्लीच कळलां. मी पाठ केली की ती गप्प राहता.”

इतके दिवस जे प्रेम म्हणून मी गावभर सांगत होतो, ते बिचारीचं कष्टाचं काम होतं. ती ओठ वाचत होती आणि मी नाक पुसत होतो. मला इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर दोडामार्गाचा रस्ता येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. शिल्पानं दोनदा विचारलं, गाडी लागली काय म्हणून.

तीन दिवसांनी आम्ही म्हापशाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयस्कर, मिशीतल्या मिशीत हसणारे. त्यांनी रेवाच्या कानात बघितलं, नाकात बघितलं, मग शिल्पाबरोबर तिला ऐकण्याच्या तपासणीच्या खोलीत पाठवलं. मीही निघालो होतो, पण यंत्रापाशी बसलेल्या मुलीनं मला दारातच अडवलं. मी फक्त एवढंच विचारलं होतं, की चप्पल कुठे काढू. ती म्हणाली, “काका, या भिंतींना आवाज अडवायची गादी आहे, पण गादीलाही मर्यादा असते. तुम्ही बाहेर बसा.”

शिल्पा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते. नाक सतत भरलेलं, मागची गाठ सुजलेली, म्हणून नळी बंद. कानाच्या पडद्यामागे हवा असायला हवी तिथे चिकट शेंबूड साठलेला. “पाण्यात डोकं बुडवून बघा,” डॉक्टर म्हणाले, “आणि वरून कुणी बोललं तर कसं ऐकू येतं? तसं तिला ऐकू येतं. चार-पाच वर्षांच्या पुष्कळ मुलांना होतं हे. तुम्हाला इतक्या उशिरा कसं कळलं?”

“आमची गिरण आसा,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “कसली?”

“भात, गहू, मिरची.”

“आणि घर?”

“मागे.”

“मध्ये दार?”

“आसा. पण लावत नाय.”

मग डॉक्टरांनी जे लिहून दिलं त्यात औषध थोडं आणि दम जास्त होता. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, एक फवारा. मूल गिरणीत न्यायचं नाही, पीठ-मिरचीची धूळ घरात येता कामा नये. तिच्यासमोर बसून, तोंड दाखवून, साध्या आवाजात बोलायचं. तीन महिन्यांनी परत तपासणी. तेव्हा निचरा झालेला असला तर उत्तम. नसला तर कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवायची छोटी शस्त्रक्रिया.

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं फक्त शेवटचं ऐकलं. “चेडवाच्या कानात नळी?” ती मटकन खाली बसली. मग उठली आणि म्हणाली, “दार खंय आसा तां? लाव आत्ताच्या आत्ता.”

दार लावणं सोपं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या बिजागऱ्यांवर पिठाचे थर बसून ते भिंतीचाच भाग झालं होतं. मी आणि सुतार मिळून ते ओढत होतो आणि आई पलीकडून ढकलत होती. शेवटी ते एकदम सुटलं, धाडकन लागलं, आणि मग उघडेना. आई गिरणीच्या बाजूला राहिली. त्या दिवशी ती जेवायला रस्त्यावरून, अख्ख्या वाड्याला वळसा घालून, मागच्या परसातून आली. वाटेत भेटेल त्याला कारण सांगत आली, त्यामुळे दुपारपर्यंत गावाला कळलं की आमच्या रेवाच्या कानात शेंबूड आहे. (बालवाडीच्या बाईंनाही कळलं. त्यांनी मधाची एक बाटली परत पाठवली, नाकासाठी म्हणून. बाई मनानं फार चांगल्या.)

खरं संकट पुढे होतं. हळू बोलायचं होतं. आम्ही प्रयत्न केला. मी हळू बोलायला लागलो की शब्द अर्धेच बाहेर यायचे. आईला तर हळू बोलणं जमेचना, म्हणून तिनं बोलणंच सोडलं. ती खुणा करायची. मीठ हवं असेल तर चिमूट, पाणी हवं असेल तर अंगठा, आणि मी चुकलो तर कपाळावर हात. चार दिवस घरातून आवाज नाही. पाचव्या दिवशी वाड्यावरचे दोन वडीलधारे आले, पाय धुतले, बसले आणि घसा साफ करून मला म्हणाले, “काय झालां तां मोकळेपणान सांग. सासू-सुनेत होता थोडां. पण म्हणून अबोला?”

मी खुणेनं सांगायला गेलो तर त्यांना वाटलं, माझी वाचा गेली.

हळूहळू जमलं. दुपारी गिरण बंद असताना आम्ही सराव करायचो. शिल्पा आमची मास्तरीण. रेवासमोर मांडी घालून बसायचं, तिनं आपल्याकडे बघितलं की बोलायचं, चेहरा हलवायचा नाही, ओरडायचं नाही. आई नातीला गोष्ट सांगायची तेव्हा त्यातला वाघसुद्धा हळू बोलायचा. थेंब घालताना रेवा तिघांना आवरत नसे, मग शिल्पानं आधी बाहुलीच्या नाकात थेंब घातले, मग माझ्या, मग रेवाच्या. बाहुलीचं आणि माझं नाक त्या हिवाळ्यात कमालीचं स्वच्छ होतं.

फेब्रुवारी अर्धा झाला असेल. मी सकाळी पेज प्यायला आत आलो. रेवा चुलीजवळ उकिडवी बसली होती, मान वाकडी करून, भांड्याकडे कान लावून. शिल्पाची तिच्याकडे पाठ होती.

“आई,” रेवा म्हणाली, “पेज बोलता.”

“काय गो बोलता?” शिल्पानं न वळता विचारलं. अगदी हळू, तिच्या माहेरच्या आवाजात.

“गुडुगुडु बोलता,” रेवा म्हणाली.

शिल्पा वळली. शिल्पा पाठमोरी असताना रेवाला ऐकू आलं होतं, आणि तेही हळू बोललेलं. मी पेज न पिताच गिरणीत गेलो आणि कुणाचं तरी अख्खं दळण दोनदा दळलं. मला रडू येत होतं. पिठात उभं राहून रडलं की सगळ्यांना कळतं, त्यामुळे मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा म्हापशाला गेलो. यावेळी मी आत बसणारच असं ठरवून गेलो होतो. तोंड उघडायचं नाही या अटीवर मला आत घेतलं. रेवाला मोठे हेडफोन आवडेनात, म्हणून यंत्रावरची मुलगी काचेपलीकडे बसून भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज सोडणार होती. आवाज आला की रेवानं एक रंगीत ठोकळा टोपलीत टाकायचा. शिल्पा कोपऱ्यात, मी रेवाच्या मागे.

आवाज आला. ठोकळा पडला. माझी छाती फुगली. आणखी आवाज, आणखी ठोकळा. पाच-सहा झाले. मग आवाज बंद झाले. पण रेवा थांबेना. थोडा वेळ गप्प बसायची, मान हलवायची आणि टाकला ठोकळा. परत गप्प, परत ठोकळा.

मी अस्वस्थ झालो. पोरीला कळलं असावं, की ठोकळे टाकले की काचेमागची मावशी हसते. खोटा रिपोर्ट घेऊन घरी जायचं आणि शाळेत पुढच्या वर्गात बसवायचं, हे मला पटणारं नव्हतं. गिरणीवाला असलो तरी मापात पाप कधी केलेलं नाही. मी वाकून तिच्या कानात म्हणालो, “अगो, आवाज येता तेव्हाच टाक.” (माझ्या मते हे मी कुजबुजलो. काचेमागच्या मुलीनं दचकून कानावरचं यंत्र काढलं.)

रेवानं माझ्याकडे नवलानं बघितलं आणि आणखी एक ठोकळा टाकला. मी टोपलीच उचलून घेतली.

ती मुलगी आत आली. “काका, काय झालं?”

“माफ करा,” मी म्हणालो. “पण चेडू फसवता तुमका. आवाज नसताना टाकता. माझंच आहे, तरी सांगतंय.”

तिनं हातातला कागद बघितला. मग मला दाखवला. “एकही चुकलेला नाही. प्रत्येक ठोकळ्याच्या आधी मी आवाज सोडला होता. शेवटचे तर अगदी बारीक होते.”

मी शिल्पाकडे वळलो. ती हसत होती आणि रडत होती. “येत होते आवाज,” ती म्हणाली. “माका सगळे येत होते.”

डॉक्टरांनी कान बघितले आणि म्हणाले, दोन्ही साफ. निचरा झाला. नळी नको, शस्त्रक्रिया नको. शाळेसाठी चिठ्ठी लिहून देतो. मी ती चिठ्ठी वाचायच्या आधीच बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना, आणि मग फोनवर आईला, रेवा पुढच्या वर्गात गेल्याचं जाहीर केलं. आईला फोन लावायची गरज होती की नाही याबद्दल बाकावरच्या लोकांत दोन मतं पडली. तीन महिने अडवून धरलेला आवाज होता, तो एकदाच सोडला. रेवा माझ्या खांद्यावर बसली होती. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले होते, आणि तेवढं बघूनच मला इतका आनंद झाला की मी आणखी मोठ्यानं बोलायला लागलो.

डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातून ती ठोकळ्यांची टोपली (मी ती अजून धरूनच होतो) घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला त्या खोलीत नेऊन रेवाच्या छोट्या कदेलीवर बसवलं. “आता तुम्ही,” ते म्हणाले.

मला हेडफोन चालले असते, पण तिथे कुणी विचारलं नाही. रेवा हट्टानं माझ्या शेजारी येऊन बसली. आवाज आला की ती मला कोपरानं ढोसायची आणि मी ठोकळा टाकायचो. असे ओळीनं अकरा ठोकळे मी अचूक टाकले आणि काचेकडे बघून मान डोलावली. बाराव्याच्या आधी डॉक्टरांनी रेवाला उचलून बाहेर नेलं. शिल्पा सांगते, की त्यानंतर मी हातात ठोकळा धरून, ताठ बसून, पुढचा आवाज यायची वाट बघत होतो, आणि काचेपलीकडची मुलगी उरलेले सगळे आवाज सोडून, माझी तपासणी संपवून केव्हाच जेवायला गेली होती.